तुटण्यासाठी केलेला बोल्ट

पेरणाऱ्याचा दाखला आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. वाट, खडक, काटेरी झुडपे आणि सुपीक भूमी या चार ठिकाणी पडलेल्या बियाण्याची गत काय झाली, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातील लहान मूलही सांगू शकेल. परंतु त्या खडकाळ भूमीत नांगर घालणाऱ्या माणसाची गत काय होते, हा प्रश्न प्रवचनात सहसा येत नाही. तो यावा अशी अपेक्षाही नाही, कारण दाखल्याचा विषय वेगळा आहे. मात्र ज्यांचे आयुष्य माळावरच्या शेतीत गेले, त्यांच्यापुढे हा प्रश्न दर उन्हाळ्यात, नांगरटीच्या दिवसांत, उभा राहतोच.

वसईच्या बागायती पट्ट्यातील वाचकांना कुदळीखाली मऊ माती लागण्याची सवय आहे. आमच्याकडे, म्हणजे अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) पठारी भागात, वीत-दीड वीत मातीखाली मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हे पठार तयार झाले. तो खडक कुजताना सगळीकडे सारखा कुजत नाही. भेगांच्या कडेने तो कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो आणि त्याचा मुरूम होतो. मधला गाभा मात्र गोल गुंड्यासारखा तसाच कठीण राहतो. म्हणूनच आमच्या जमिनीचा स्वभाव फसवा आहे. दहा पावले फाळ लोण्यातून जावा तसा मुरमातून जातो आणि अकराव्या पावलाला बैलाच्या डोक्याएवढ्या धोंड्यावर आदळतो. वरून काहीही दिसत नाही.

धोंड्याचा दुसरा भाऊ म्हणजे मूळ. बाभूळ, निंब, चिंच ही झाडे बांधालगत असतात. झाड तोडले, सरपण झाले, बुंध्यावर माती चढली, की चार-दोन वर्षांत तेथे झाड होते हे लोक विसरतात. मुळे मात्र विसरत नाहीत. वेडी बाभूळ तर तोडली तरी बुडख्यातून पुन्हा फुटते. धोंडा निदान फाळाला धक्का देऊन बाजूला होण्याची शक्यता असते. मूळ फाळाला धरून ठेवते.

माझ्या वडिलांच्या काळी खोल नांगरटीसाठी सहा बैली, आठ बैली नांगर चालत. एकाच्या घरी एवढे बैल नसत. म्हणून सावड केली जाई किंवा इर्जिक घातली जाई. इर्जिकीत गावकरी आपापली औते घेऊन एकाच्या शेतात उतरत आणि त्या दिवशीचे जेवण शेतमालकाकडे असे. या जेवणाच्या आठवणी पुष्कळांनी लिहिल्या आहेत. मला मात्र तिच्यातली एक वेगळी रीत महत्त्वाची वाटते. ज्याचे शेत, तो पहिल्या तासाला औतापुढे चालत असे. ‘इथं गुंडा आहे, इथं जुन्या बोरीचं खोड आहे,’ असे सांगत, हातातील काठीने जागा दाखवीत तो शेत फिरवून आणी. वडील म्हणत, ‘जमीन दाखवल्याशिवाय दुसऱ्याचं औत जुंपू द्यायचं नाही.’ हा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडल्याचे मला आठवत नाही.

त्या काळी आणखी एक संरक्षण होते आणि ते बैलाच्या मानेत होते. फाळ अडला की तो अडथळा जुवातून बैलाच्या खांद्याला कळे आणि बैल थांबे. नवखा गडी चाबूक उगारी, जाणता गडी रुमणे सैल करून खाली वाकून पाही. बैल थांबला म्हणजे खाली काहीतरी आहे, हे ज्ञान आपोआप मिळत होते. लाकडी नांगराचा ताण फार झाला तर लाकूड मोडे आणि सुताराकडे जावे लागे. मोडत असे ते लाकूड.

पुढे लोखंडी नांगर आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली तो तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल या भीतीने शेतकरी तो घेईनात, ही हकिगत महाराष्ट्राला परिचित आहे. ती सांगताना आपण शेतकऱ्यांच्या भोळेपणाला हसतो. त्यांची समजूत चुकीची होती, यात वाद नाही. तथापि नवे अवजार घरात घेताना ते आपल्याकडून काय मागेल, असे विचारण्याची जी वृत्ती त्या भीतीच्या मुळाशी होती, ती अगदीच टाकाऊ नव्हती. ट्रॅक्टर आला तेव्हा हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही.

ट्रॅक्टरला मान नाही. फाळ धोंड्यावर आदळला किंवा मुळाखाली अडकला, तरी इंजिनाला ते बैलासारखे कळत नाही. ते ओढतच राहते. मागची चाके जमिनीला घट्ट धरून असतील आणि मागचे ओझे हलत नसेल, तर चाकांना फिरवणारी शक्ती उलट ट्रॅक्टरलाच मागच्या आसाभोवती फिरवू पाहते. पुढची चाके उचलली जातात. १९१७ साली अमेरिकेत आलेला फोर्डसन ट्रॅक्टर या दोषासाठी कुप्रसिद्ध होता. नांगर अडला, की तो मागे उलटून चालकाला खाली घेई.

आयर्लंडच्या डाऊन परगण्यात जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसन यांनी या प्रश्नाचा ध्यास घेतला. नांगर मागून नुसता ओढत न नेता तीन ठिकाणी ट्रॅक्टरला जोडायचा, ही त्यांची कल्पना. दोन खालचे दांडे ओढतात आणि वरचा तिसरा दांडा, ज्याला आपल्याकडे सगळेच टॉप लिंक म्हणतात, तो नांगरावर ताण आला की ट्रॅक्टरला पुढे रेटतो, त्यामुळे नाक खाली राहते. १९२६ सालच्या त्यांच्या पेटंटातील ही जोडणी आज आपल्या गावातील बहुतेक प्रत्येक ट्रॅक्टरच्या पाठीमागे आहे. ती पाहताना मला नेहमी वाटते, की एका माणसाने इतरांच्या मरणाचे कारण शांतपणे शोधले, म्हणून हे तीन दांडे येथवर आले. प्रार्थनेचा हाही एक प्रकार असावा.

परंतु फर्ग्युसनची जोडणी ट्रॅक्टरला सांभाळते. धोंड्याचा आघात तरीही कुठेतरी जाणारच. तो फाळात जाईल, नांगराच्या सांगाड्यात जाईल, ट्रॅक्टरच्या हाउसिंगमध्ये जाईल किंवा स्टिअरिंग धरलेल्या माणसात जाईल. यासाठी नांगराच्या दांडीवर एक छोटा बोल्ट असतो. त्याला शिअर बोल्ट म्हणतात. प्रत्येक फाळाची दांडी दोन बोल्टांवर बसवलेली असते. एक कायमचा, ज्याभोवती दांडी फिरू शकते. दुसरा हा, जो तिला जागेवर धरून ठेवतो. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक आघात झाला, की हा दुसरा बोल्ट कातरला जातो, फाळ मागे वळतो आणि अडथळ्यावरून निघून जातो. चालकाने थांबायचे, बोल्ट बदलायचा, पुढे जायचे. त्याची किंमत दोन-चार चहांएवढी. तो मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो. तुटणे हेच त्याचे काम.

अशा तुटलेल्या बोल्टाने एकदा शेतीचा इतिहास बदलला आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील यॉर्क द्वीपकल्पात मॅली नावाची निलगिरीच्या कुळातील झुडपे आहेत. त्यांची खोडे तोडली किंवा जाळली तरी जमिनीखाली लाकडाचा मोठा गड्डा जिवंत राहतो. तेथे वसाहत करणाऱ्यांचे नांगर या गड्ड्यांवर मोडून पडत. रिचर्ड बॉयर स्मिथ या शेतकऱ्याच्या नांगराचा बोल्ट तुटला आणि सुटा झालेला फाळ खोडावरून उडी मारून पलीकडे पुन्हा जमिनीत शिरताना त्याने पाहिला, असे सांगितले जाते. त्यातून १८७६ साली त्याने प्रत्येक फाळ स्वतंत्रपणे बिजागरीवर झुलेल असा नांगर केला. अडथळा आला की फाळ वर उचलला जाई आणि पुढे आपल्याच भाराने खाली येई. ‘स्टम्प जंप’ नांगर म्हणून तो तिकडे प्रसिद्ध झाला. मॅलीचा गड्डा त्याने जिंकला नाही. गड्ड्यापुढे नमते घ्यायला फाळाला शिकवले. आजचे स्प्रिंगचे फण याच विचाराचे वंशज आहेत.

हे सारे मी इतक्या तपशिलाने लिहितो आहे, कारण काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावात एका बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाच्या मातीला मी गेलो होतो. तो भाड्याच्या ट्रॅक्टरवर चालक होता. शेताचा मालक मुंबईला असे. काम फोनवर ठरले होते. शेत तीन वर्षे पडीक; बांधालगत पूर्वी एक चिंच होती, ती तोडून विकलेली, बुडखा मातीखाली गेलेला. मुलगा परगावचा, त्याला हे कोण सांगणार? सकाळपासून दोनदा बोल्ट तुटला. त्याला मजुरी एकरामागे मिळत असे, तासामागे नव्हे. आणि तुटलेल्या बोल्टाचे पैसे त्याच्याच मजुरीतून कापले जात. तिसऱ्या वेळी त्याने तेथे त्याच जाडीचा एक कडक, पक्का बोल्ट बसवला. पुष्कळ चालक असे करतात. काही तर तुटक्या गजाचा तुकडा ठोकतात.

दुपारी फाळ चिंचेच्या मुळाखाली शिरला. जुना बोल्ट असता तर तो तुटला असता आणि फाळ मागे वळून निघाला असता. हा तुटला नाही. नांगर पुढेही येईना, मागेही जाईना. त्याने पिना काढून ट्रॅक्टर नांगरापासून सोडवला, साखळीचे एक टोक मुळाला बांधले आणि दुसरे टोक हाताशी असलेल्या वरच्या कानाला, म्हणजे टॉप लिंक जेथे जोडतात तेथे, अडकवले. ती जागा आसाच्या वर असते. तेथून ओढ लागली की नाक वर उठणारच. ट्रॅक्टर मागे उलटण्याच्या अशा अपघातात पाऊण सेकंदाच्या आत परतीची वेळ निघून जाते, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. क्लचवर पाय जाण्याइतकाही अवकाश मिळत नाही. त्यालाही मिळाला नाही.

मातीहून परतताना लोक बोलत होते. ‘त्याचं भरलं होतं.’ आपल्यापैकी एक वडीलधारे म्हणाले, ‘देवाची इच्छा.’ दुःखाच्या प्रसंगी असे बोलून माणूस आधार शोधतो, हे मी जाणतो. म्हणून तेथे मी गप्प राहिलो. परंतु हे वाक्य माझ्या मनाला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे ठार झाली, तेव्हा ती इतरांहून अधिक अपराधी होती ही समजूत प्रभू येशूने स्पष्टपणे नाकारली, हे लूकच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. आपल्या आळसावर आणि कंजूषपणावर परमेश्वराची सही घेण्याचा आपल्याला काय अधिकार?

उलट जुन्या करारातील नियमशास्त्र या बाबतीत अतिशय रोखठोक आहे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात सांगितले आहे, की कोणी खड्डा उघडा ठेवला आणि त्यात दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडले, तर खड्डेवाल्याने भरपाई द्यावी. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे; नाही तर कोणी पडला तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल. हे नियम मी लहानपणी कंटाळून वाचत असे. आज मला वाटते, त्यांत जेवढा धर्म आहे तेवढा मोठमोठ्या व्याख्यानांत क्वचित आढळेल. धोका ज्याच्या मालकीचा, त्याने तो दुसऱ्यापासून लपवू नये. आणि पडणाऱ्याला पडण्यापूर्वी वाचवावे. मातीखालचा बुडखा हा उघड्या खड्ड्याहून अधिक वाईट, कारण खड्डा निदान दिसतो. यशयाच्या पाचव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा धनीसुद्धा आधी जमीन खणतो, तिच्यातील दगड वेचून काढतो आणि मगच वेल लावतो.

म्हणून खडकाळ आणि मुळकट जमिनीच्या नांगरटीची रीत मी येथे नोंदवून ठेवतो. ती माझी नाही. जाणत्या चालकांकडून आणि अवजारांच्या माहितीपुस्तकांतून ती घेतली आहे. नांगरटीच्या आदल्या दिवशी मालकाने चालकाला बरोबर घेऊन शेत पायी फिरावे. संशय वाटेल तेथे पहार मारून पाहावी. धोंडा, बुडखा, विहिरीचा काठ या जागांवर काठी रोवून चिंधी बांधावी किंवा चुन्याची फक्की टाकावी. निघण्याजोगे असेल ते आधी काढावे. न निघणारे सोडून नांगरावे. चार हात जमीन पडीक राहिली म्हणून कोणी उपाशी मरत नाही. पहिली फेरी उथळ, कमी गिअरमध्ये, सावकाश घ्यावी. खोली नंतर वाढवावी. फार गुंड्यांची जमीन असेल तर पलटी नांगराऐवजी तव्यांचा नांगर बरा, कारण तवा अडथळ्यावरून गडगडत निघून जातो.

फाळ अडला तर जोर करू नये. क्लच दाबावा, किंचित मागे घ्यावे, मग नांगर उचलावा. बोल्ट बदलताना नांगर जमिनीवर टेकवावा, इंजिन बंद करून किल्ली खिशात घालावी. नुसत्या हायड्रॉलिकवर लटकलेल्या नांगराखाली कधी हात किंवा डोके घालू नये; तेलाची एक नळी फुटली तरी तो खाली येतो. कारखान्याने सांगितलेल्या प्रतीचाच बोल्ट घालावा, अधिक कडक नको. मूळ ओढायचे झाल्यास साखळी फक्त खालच्या ड्रॉबारलाच लावावी. आसाला किंवा वरच्या कानाला कदापि नाही. खरे तर ते काम कुदळ-कुऱ्हाडीचे आहे. नांगराला भार हवा म्हणून त्यावर कोणाला उभे करू नये आणि हौस म्हणून मुलांना मडगार्डवर बसवू नये. स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला चालकाभोवती मजबूत लोखंडी सांगाडा सक्तीचा झाला आणि उलटून होणारे मृत्यू तेथे झपाट्याने घटले. तसा सांगाडा असेल तर पट्टाही बांधावा. आपल्याकडे सावलीसाठी लावतात ते पत्र्याचे छप्पर म्हणजे हा सांगाडा नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

परंतु एवढे सांगून भागत नाही. त्या मुलाला यातले बरेचसे ठाऊक असावे. कडक बोल्ट घालू नये हे त्याला कळत नव्हते असे नाही. कच्चा बोल्ट त्याला परवडत नव्हता. बोल्ट तुटला की त्याचे पैसे जात आणि वेळही जाई. ज्याने थांबायचे त्यानेच नुकसान सोसायचे, अशी व्यवस्था आपण लावली आणि मग तो थांबला नाही म्हणून त्याला बेफिकीर ठरवले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ या विश्वपत्रात श्रम माणसासाठी असतात, माणूस श्रमासाठी नसतो, हे आग्रहाने मांडले. आमच्या माळावर त्याचा अर्थ असा, की आघात झाल्यावर सर्वांत आधी काय तुटावे, हे माणसांनी ठरवायचे असते. आपण बोल्ट तुटू दिला नाही, तर त्याच्या जागी कोणीतरी उभा राहतो. आणि तो नेहमी सर्वांत गरीब असतो.

शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण १५ मे रोजी, म्हणजे आमच्या नांगरटीच्या ऐन दिवसांत येतो. राजे, विद्वान आणि संस्थापक यांच्या मांदियाळीत हा संत वेगळा आहे. तो माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतात राबणारा नांगऱ्या होता, स्वतःची जमीन नसलेला. १६२२ साली इग्नेशियस आणि फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबरच ख्रिस्तसभेने त्याला संतपद दिले. तो प्रार्थनेत असताना देवदूत त्याचा नांगर हाकत, अशी आख्यायिका आहे. तिच्यात मला सर्वांत हृद्य वाटतो तो शेवट. गड्यांची चुगली ऐकून रागाने शेतावर आलेला मालक ते दृश्य पाहतो आणि गप्प होतो. मालक शेतावर आला, म्हणून त्याला दिसले.

आमच्या भागातील काही शेतकऱ्यांनी आता ट्रॅक्टर ठरवताना दोन गोष्टी आधीच बोलून घ्यायला सुरुवात केली आहे. माळजमिनीची नांगरट एकरावर नाही, तासावर. आणि तुटलेला प्रत्येक बोल्ट शेतमालकाच्या खर्चात. माझ्या सात एकरांसाठी मीही तसेच ठरवतो. बोल्टांची एक पुडी घरूनच घेऊन जातो आणि सकाळी चालकाच्या हाती देतो. गेल्या उन्हाळ्यात चार तुटले.